ताई समजून घेईल

नानांनी सभा वर घरात न ठेवता खाली शाळेच्या ऑफिसात ठेवली, तेव्हाच ताईला कळायला हवं होतं की सगळं ठरून गेलेलं आहे. नानांची ही जुनी खोड. काही विचारायचं असलं की ते वर स्वयंपाकघरात, स्टुलावर बसून विचारत. सांगायचं असलं की खाली बोलावून, टेबलामागच्या खुर्चीत बसून सांगत.

शाळा म्हणजे मोटार शिकवायची शाळा. नानांच्या वडिलांनी ती एका जुन्या गाडीवर सुरू केली, नानांनी वाढवली, आणि गेली पंचवीसेक वर्षं ती चालली होती ती त्यांच्या थोरल्या मुलीच्या जिवावर. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असलेलं बोलून दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती. ताई पहाटे उठून पहिल्या शिकवणीला गाडी काढायची, संध्याकाळी शेवटचा शिकाऊ सुखरूप घरी गेला की मैदानाचं फाटक लावायची आणि मग दोन गल्ल्या सोडून असलेल्या आपल्या घरी जायची. तिच्या नवऱ्यानं आज "मीही येतो" म्हटलं होतं. तिनंच त्याला नको म्हटलं. जावई येऊन बसला की माहेरची सगळी माणसं गोड बोलायला लागतात आणि मग खरं काय ते कळत नाही.

तिनं इस्त्रीचे कपडे घातले होते. त्याची तिला नंतर फार लाज वाटली.

ऑफिसात भिंतीभर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते होते. कोपऱ्यात एक जुनं इंजिन मधोमध कापून, आतली चाकं दिसतील असं स्टँडवर बसवलेलं होतं. मोठ्या खिडकीतून मागचं मैदान दिसायचं. पांढऱ्या पट्ट्या, नारिंगी शंकू, आणि पलीकडे सिमेंटचा तो चढ, जिथं प्रत्येक नवशिक्याची गाडी एकदा तरी मागं घरंगळायची आणि प्रत्येक नवशिक्याला देव आठवायचा.

नाना टेबलामागं बसले होते. ऐंशीला टेकलेले, पण पाठ अजून ताठ. आदल्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्टच सांगितलं होतं की आता गाडीच्या चाकाला हात लावायचा नाही. तेव्हापासून ते कुणाशी धड बोलले नव्हते. त्यांच्या उजव्या हाताला आत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण. मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन म्हणून निवृत्त झालेली आणि निवृत्त झाल्याचं अजून स्वतःला न कळवलेली. समोर बाळ आणि त्याची बायको. बाळ हा ताईचा धाकटा भाऊ. कानशिलं पांढरी झाली तरी घरात त्याला बाळच म्हणत. त्याची बायको, ताईची वहिनी, चौकातलं औषधांचं दुकान चालवायची आणि घाईघाईनं दुकान बंद करून आली होती. आई दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कुणी "बस" म्हणालं नव्हतं म्हणून उभी होती.

"सगळी आली," नाना म्हणाले. "तर ऐका. माझे डोळे गेले. बसून रडण्यात अर्थ नाही. शाळा पुढच्याच्या हातात द्यायची वेळ आली. मी ठरवलंय. पहिल्या तारखेपासून शाळेचा प्रमुख बाळ. वकिलाशी बोलून झालंय. बोर्डावर त्याचं नाव लागेल. रोजचं काय ते ताई बघतेच, ती बघत राहील. आता प्रश्न बोर्डाच्या रंगाचा. पिवळा आहे तोच ठेवायचा की निळा करायचा?"

"पिवळाच ठेव, दादा," आत्या म्हणाली. "लांबून दिसतो."

ताईच्या हातात कप होता. तो तिनं सांडला नाही की खाली ठेवला नाही. तिला फक्त एवढं जाणवलं की दोन वाक्यांच्या मध्ये तिच्या उत्तरासाठी जागाच ठेवलेली नव्हती. आपली गोष्ट संपली होती आणि रंगाची सुरू झाली होती.

वहिनी जरा चुळबुळली. "पण ताईंना... ताई, तुम्हाला चालेल ना?"

"तिला काय विचारायचं?" नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट कौतुक होतं. "ताई समजून घेईल."

हे वाक्य ताईनं पहिल्यांदा ऐकलं ते बाळ जन्मला तेव्हा. खिडकीची खोली बाळंतिणीला हवी होती, आणि आठ वर्षांच्या मुलीची गादी जिन्याखाली गेली. ताई समजून घेईल. मग तिची सायकल बाळच्या उंचीची झाली म्हणून त्याच्याकडे गेली. मग बाळला परगावच्या कॉलेजात घातलं आणि ताईनं घरी राहून शाळेत हातभार लावला. आणि सायकल नि कॉलेज या दोन्हींच्या मध्ये ती डोंगरातली मोटार शर्यत. तेविसाव्या वर्षी तिची निवड झाली होती, मोठ्या कंपनीच्या गाडीवर, सगळ्या अर्जदारांत एकटी मुलगी. ते बाळच्या परीक्षेचं वर्ष होतं. घरात धावपळ नको, नाना म्हणाले होते, तू समजूतदार आहेस. ती गेली नाही. त्या शर्यतीचा विषय त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही, इतकं सगळ्यांनी तिला समजून घेतलं.

पुढं बाळनं शोभेच्या माशांचं दुकान काढलं, ते बुडालं. मग फोटो स्टुडिओ काढला, तो बसला. दर वेळी तो खालच्या मानेनं शाळेत परत यायचा, आणि ताई त्याला रस्त्याच्या खुणांचा वर्ग देऊन टाकायची. तिला त्याचा राग यायचा नाही. बाळचा राग कुणालाच यायचा नाही. त्याच्या बाबतीत घरचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं: अजून लहान आहे.

आता नाना बोर्डाच्या अक्षरांच्या आकाराबद्दल बोलत होते. ताईनं तोंड उघडलं. तिच्या तोंडात "बरं" तयार होतं. इतकी वर्षं ते तिथंच राहायला होतं.

"नाही," ती म्हणाली.

"निळा नको ना? मग झालं तर, पिवळाच."

"रंगाचं नाही म्हणत, नाना. मला हे चालणार नाही. शाळेची प्रमुख मी होणार."

बाहेर कुणीतरी टायर बदलत होतं त्याच्या पान्याचा आवाज आत आला. बाळनं मान वर केली. आई कपबशा गोळा करायला वाकली होती ती तशीच थांबली. आणि सगळ्यांत जास्त दचकली ती ताई स्वतः. आपल्या आवाजात इतका दम असेल हे तिला माहीत नव्हतं.

"काय म्हणालीस?" नानांनी विचारलं.

"तुम्ही ऐकलंत. तुमचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत."

"ताई!" आत्या गरजली. वॉर्डातले पेशंट या आवाजाला बरे व्हायचे म्हणे. "वडिलांशी बोलतेस तू. त्यांच्या मनाची काय अवस्था आहे याचा विचार कर. तू काय लहान आहेस? पोक्त बाई तू, घरातली मोठी."

"मी सांगू का ताई," वहिनी अगदी मऊ आवाजात म्हणाली, "रागावू नका. तुम्ही मॅच्युअर आहात म्हणून सांगते. मॅच्युरिटी म्हणजे शेवटी समोरच्याची परिस्थिती समजून घेणं. नावाचं काय एवढं? काम तर तुम्हीच बघणार."

"मग नाव पण माझंच लागू दे. नावाचं काय एवढं!"

वहिनीनं बाळकडे पाहिलं, बाळनं कापलेल्या इंजिनाकडे.

नानांचा चेहरा लाल झाला होता. "हा पोरकटपणा तुला शोभतो? पन्नाशी उलटली तुझी!"

"हां, आता बघा," ताई म्हणाली. तिनं कप खाली ठेवला. "आठव्या वर्षी तुम्ही मला सांगितलंत, आता तू मोठी झालीस. आज पन्नाशी उलटल्यावर सांगताय, तू पोरकट आहेस. मधल्या काळात मी माझ्या वयाची कधी होते, तेवढं मला कुणीतरी सांगा. एखादा दिवस? एखादी दुपार?"

"मी आयुष्यभर हा शब्द ऐकत आले. समजूतदार. मला वाटायचं, बक्षीस आहे. छाती फुगायची माझी. मोठी झाल्यावर कळलं, या घरात समजूतदार म्हणजे ज्याला नाही म्हटलेलं चालतं तो. बास. दुसरा अर्थच नाही. आत्या, तुला कुणी म्हटलं का गं कधी समजूतदार?"

आत्या रागानंच उत्तर द्यायला निघाली होती. पण प्रश्न सरळ होता आणि आत्या सरळ प्रश्नाला खोटं बोलत नसे.

"मला?" ती म्हणाली. "मला सगळे आगाऊ म्हणायचे. आमचे वडील म्हणायचे, ही कार्टी घराला आग लावणार. नर्सिंगला जायचं म्हणून मी जेवण सोडलं होतं, आठवतं ना रे दादा? तू मला समजवायला आला होतास, आणि मी तुला पाण्याचा तांब्या फेकून मारला होता."

"कपाळाला लागला होता," नाना नाइलाजानं म्हणाले.

"लागला होता. म्हणून तर मेट्रन झाले." आत्या ताईकडे पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, "दादा, मी समजूतदार असते तर आज कुणाच्या तरी घरी कपबशा उचलत असते." हे बोलता बोलता तिची नजर ट्रे घेतलेल्या वहिनीवर, म्हणजे ताईच्या आईवर गेली, आणि तिनं जीभ चावली.

"बरोबर बोललात वन्सं," आई शांतपणे म्हणाली आणि उरलेला कप उचलला.

"म्हणजे तू आता हिच्या बाजूला?" नानांनी बहिणीला विचारलं.

"मी बाजूबिजू काही घेत नाही. पण पोरीनं प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर दे. प्रमुख ती का नाही?"

"कारण बाळचं बस्तान बसायला हवं! ताईला काय, ती कुठंही उभी राहील. तिला सगळं येतं. याला कुणी बघायचं? माझ्यामागं याचं काय होईल? ही समजूतदार आहे, ही..."

"हे बघा, सापडलं," ताई म्हणाली. "मला येतं म्हणून मला द्यायचं नाही. त्याला जमत नाही म्हणून त्याला द्यायचं."

बाळ हे सगळं ऐकत होता. आपल्यासमोर आपल्याविषयी असं बोललं जायची त्याला सवय होती, जसं दवाखान्यात पोराच्या डोक्यावरून आई आणि डॉक्टर बोलतात. पण आता त्याच्या बायकोनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि तो हात मायेचा नव्हता, चिमटा काढत होता.

"बोल ना," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मला रोज सांगतोस, आज यांना सांग."

"नको, आत्ता नको..."

"मग कधी? तुझं नाव बोर्डावर लागल्यावर?"

"काय चाललंय तुमचं?" नाना म्हणाले.

बाळ उभा राहिला. उभं राहायची काही गरज नव्हती. "नाना, मला शाळा नकोय."

"तू बस. तुला काय कळतंय यातलं!"

"नाही बसत." त्याचा आवाज फाटला, पण तो बसला नाही. "गेलं वर्षभर मी नाटकाच्या थिएटरात पडदे रंगवतोय. मागचे देखावे. महाल, जंगल, समुद्र. तुम्हाला वाटतं मी संध्याकाळी फिरायला जातो. त्यांनी मला आता रंगकामाचा सगळा विभाग बघायला सांगितलंय. माझ्या हाताखाली चार माणसं असतील. मला ते काम येतं, नाना. तिथं मला कुणी शिकवत नाही, मी शिकवतो. तिथं मला बाळ म्हणत नाहीत. माझं नाव घेऊन बोलावतात. पहिल्या दिवशी मला कळलंच नाही की मलाच हाक मारताहेत."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या नखांच्या कडांना निळा रंग होता, आणि इतके महिने तो तिच्या नजरेसमोर असून तिला दिसला नव्हता. ती रोज त्याला पाहत होती आणि एक लहान मुलगा पाहत होती. आपल्यावर जे वय लवकर लादलं गेलं, तेच वय याच्यापासून लपवून ठेवलं, आणि त्या कामात आपणही घरच्यांच्या बरोबरीनं हात लावला, हे तिच्या मनात लख्ख झालं.

तिनं त्याला त्याच्या नावानं हाक मारली. पाळण्यात ठेवलेल्या, कागदांवर असलेल्या, घरात कधी न वापरलेल्या त्या पूर्ण नावानं. "आम्हाला दाखव एकदा तुझा समुद्र," ती म्हणाली.

त्याचे डोळे भरून आले. पण तो हसला, आणि हसताना पहिल्यांदाच तो त्याच्या वयाचा दिसला.

नानांना मात्र हे सोसवेना. एका दुपारी त्यांच्या हातून मुलगी गेली होती, बहीण गेली होती, आणि ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं तोही गेला होता. त्यांनी टेबलावर थाप मारली, तसा पेनांचा डबा कलंडला.

"असं काय! मग ऐका. मी अजून जिवंत आहे. शाळा माझी आहे. तुला नको, आणि हिला मी देणार नाही, कारण जी मुलगी बापाला चारचौघांत बोलते तिला मी काही देत नाही. उद्या फाटकाला कुलूप घालतो. मैदान विकून टाकतो. इथं कुणी इमारत बांधू दे, नाहीतर गुरं बांधू दे. विषय संपला!"

ताई नानांना ओळखत होती. रागाच्या भरात ते खरंच कुलूप घालतील, आणि नंतर मान खाली घालायची नाही म्हणून ते काढणार नाहीत. उद्या सकाळी एक दुखऱ्या पाठीची शिक्षिका गाडी शिकायला येणार होती, जी कालच पहिल्यांदा न थांबता चढ चढली होती. परवा दोघांची परीक्षा होती. ही सगळी माणसं फाटकाशी येऊन परत जातील.

हीच ती जागा होती. दर वेळी इथंच ती माघार घ्यायची. आता फक्त "चुकलं माझं, नाना" म्हणायचं, की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतील, कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवेल आणि म्हणेल, किती समजूतदार आहे आमची ताई. खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आत्यानंसुद्धा.

तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मला तुमचं दुःख समजतं, नाना," ती म्हणाली. "गाडी चालवणं सुटलं म्हणून तुम्हाला काय होत असेल ते या खोलीत माझ्याइतकं कुणाला समजत नाही. याचं कसं होईल ही काळजी वाटते तेही समजतं. सगळं समजतं मला. आणि समजून उमजून मी नाहीच म्हणतेय. घाला कुलूप. मी माफी मागणार नाही."

नाना खरोखरच उठले. कुलपांची पेटी भिंतीतल्या कपाटात होती. त्यांचा हात कपाटाच्या कडीपर्यंत गेला.

"अहो, थांबा," आई म्हणाली. "कुलूप घालायच्या आधी मला चावी द्या."

"कसली चावी?"

"गाडीची. लहान पांढरी आहे ना, तिची."

"तुला कशाला गाडीची चावी?"

"चालवायला."

वहिनीला हसू आलं, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून तिनं ते गिळलं. आईनं ट्रे टेबलावर, बरोबर नानांच्या कागदांवर ठेवला.

"लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी तुम्हाला म्हटलं होतं, मला गाडी शिकवा. आठवतं? तुम्ही म्हणालात, शिकवीन ना, पण आधी बाहेरचे लोक, ते खोळंबतात. तू समजूतदार आहेस. मग मी समजूतदारपणे थांबले. मामंजी गेले, पोरं झाली, गाड्या बदलल्या. अर्ध्या गावाला या घरानं गाडी शिकवली. मी त्या खिडकीतून बघत राहिले. सगळं तोंडपाठ आहे मला, क्लच काय, गिअर काय. फक्त कुणी बस म्हणालं नाही."

नानांचा हात कडीवरून खाली आला.

"तू पुन्हा कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"नाही बोलले. हिच्यासारखं मला बोलता आलं नाही. आज हिचं ऐकलं आणि वाटलं, अरे, बोललं तरी छप्पर पडत नाही." आईनं हात पुढं केला. "द्या."

टेबलामागच्या खिळ्यावर चाव्या लटकत होत्या. नानांनी पांढऱ्या गाडीची चावी काढली, ती डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिली आणि बायकोच्या हातावर ठेवली.

"चल गं," आई तिला म्हणाली. "शिकव."

मैदानात ऊन उतरणीला लागलं होतं. आई ड्रायव्हरच्या जागेवर बसली तेव्हा तिचे पाय नीट पोचेनात, म्हणून ताईनं सीट पुढं ओढून दिली आणि ऑफिसातली एक उशी मागं लावली. आरसा खाली केला. आईनं दोन्ही हातांनी चाक धरलं आणि समोर बघितलं, जणू समोर समुद्र आहे.

"डावा पाय पूर्ण दाब. आता गिअर. आता हळूहळू सोड... हळू..."

गाडीनं बेडकासारखी एक उडी मारली आणि बंद पडली. आईच्या तोंडून किंकाळी निघाली आणि पाठोपाठ खळखळून हसू. ताईनं आईचं असं हसणं कधी ऐकलं नव्हतं. लहान मुलीचं नव्हतं ते. भरल्या वयाच्या बाईचं होतं, पोटातून आलेलं.

"पुन्हा," आई म्हणाली.

पुन्हा बंद पडली. तिसऱ्या की चौथ्या खेपेला गाडी कुरकुरत सरकली आणि सरकतच राहिली. पांढऱ्या पट्टीच्या कडेकडेनं आई निघाली. एक शंकू आडवा झाला. "जाऊ दे, तो मेला मधेच उभा होता," आई म्हणाली आणि वळण घेतलं. ऑफिसच्या दारात सगळी गोळा झाली होती. वहिनी टाळ्या वाजवत होती. बाळ, ज्याला आता बाळ म्हणायला ताईची जीभ वळेना, दोन्ही हात वर करून ओरडत होता. आत्या पेशंटला सांगावं तशी सूचना देत होती, "श्वास घे! श्वास घे वहिनी!"

दुसऱ्या फेरीला नाना मैदानात उतरले. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण इंजिनाचा आवाज ऐकून त्यांना राहवेना. "क्लच!" ते ओरडले. "क्लच अर्धवट धरलाय तिनं! पाय काढ म्हणावं!" ओरडता ओरडता ते चालत थेट पट्टीवर आले. आईनं करकचून ब्रेक दाबला. गाडी त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर, पण झोकात थांबली.

नाना चाचपडत पुढं आले आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. गरम पत्र्यावर तो तसाच राहिला. मग ते ताईच्या बाजूच्या खिडकीशी आले. खाली वाकले. चेहरा इतका जवळ आला की ताईला त्यांच्या पापण्यांतलं पाणी दिसलं.

"पाय चांगला आहे तिचा," ते म्हणाले. "मीच... इतकी वर्षं." त्यांनी खिडकीची कड धरली. "ताई, तू चालवशील का शाळा?"

तो प्रश्न होता. खालच्या आवाजात, शेवटी सूर खरोखर वर उचललेला. नानांनी तिला आयुष्यात पुष्कळ काही सांगितलं होतं, पण असं विचारलं कधी नव्हतं. आणि विचारून ते थांबले होते. पहिल्यांदाच तिच्या उत्तरासाठी जागा ठेवून.

ताईनं ती जागा लगेच भरली नाही. बसू दिलं त्यांना त्या शांततेत जरा. वरून पाखरांचा एक थवा गेला. आईनं चाकावरून हात काढले नव्हते. ती समोर बघत होती, पण कान इकडं होते.

"चालवीन," ताई म्हणाली. "माझ्या नावानं. मैदान विकायचं नाही. आणि तुम्ही रोज ऑफिसात येऊन बसायचं. नवीन शिक्षकांना तुमच्यासारखं आवाजावरून इंजिन ओळखता येत नाही, ते तुम्ही शिकवायचं."

"म्हणजे मी तुझ्या हाताखाली?"

"हो."

नानांचे ओठ हलले. कपाळावर आठी चढली आणि उतरली. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी उमटलं, जे ताईनं फक्त जुन्या फोटोत पाहिलं होतं, तिशीतले नाना पहिल्या नव्या गाडीला टेकून उभे होते त्या फोटोत.

"पगार काय देणार?" त्यांनी विचारलं.

दारातून आत्याचं गडगडाटी हसू आलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. वहिनीनं नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला गदागदा हलवलं.

"ते बघू नंतर," ताई म्हणाली. "आता बाजूला व्हा, नाना. शिकवणी चालू आहे."

नाना बाजूला झाले. पट्टी सोडून, शंकूंच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, जिथं शिकाऊंचे नातेवाईक उभे राहतात.

आईनं गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि तोंड चढाकडे केलं.

"आई, तो चढ राहू दे आज. पहिलाच दिवस आहे."

"राहू कशाला दे?" आई म्हणाली आणि क्लच सोडला.